चारुलताचे नालछावाले जीवाणू

आमच्या देवासच्या कारखान्यात चारुलता फणसे हिला सगळे 'मॅडम' म्हणतात. मी 'चारू' म्हणतो, कारण तिचे वडील गणोजी आणि मी धारला एका बाकावर शिकलो. पुढे मी बी.कॉम. करून या कारखान्याच्या भांडारात आणि हिशेबात लागलो, गणोजीने वडिलांचे लेथ मशीन धरले. चारू चारचौघींसारखी मुलगी. पण गेल्या खंडेनवमीला तिने जे केले ते मी समोर उभा राहून पाहिले आणि अजूनही कुणी विचारले तर मला ते बसून सांगता येत नाही. उभा राहतो, हात हलवतो, चहा गार होतो.

फणसे घराणे पवार सरदारांबरोबर दक्षिणेतून माळव्यात, धारला आले. दरबारच्या तलवारी-भाल्यांना धार लावणे हे त्यांचे काम. दरबार गेले, तलवारी भिंतीवर गेल्या, तेव्हा गणोजीच्या वडिलांनी धारेचा दगड बाजूला ठेवून लेथ आणला. सरदारपुरापासून नालछ्यापर्यंतचे लोक बिघडलेले पंप घेऊन त्यांच्या दुकानी यायचे. धंदा बदलला, खंडेनवमी नाही बदलली. हत्यारांची पूजा आमच्याकडे सगळेच करतात, पण फणशांची रीत निराळी. बाकीचे लोक मुठीला हळदकुंकू लावतात, फणसे धारेला लावतात. हत्यार जिथे काम करते तिथे हळद पोचली पाहिजे, असा त्यांचा नियम. गणोजी लेथच्या पात्याच्या अगदी टोकाला बोटाने हळद लावायचा आणि चारू मांडीला मांडी लावून शेजारी बसायची.

ती आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या ओठांचे कोपरे सारखे चिरायचे. भाजीत मिरची असली की ताटावरून रडत उठायची. डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्या दिल्या. कोपरे भरून आले आणि लघवी पिवळीजर्द झाली. आई भवानीबाई घाबरली, चारू मात्र खूष. पुढच्या वेळी तिने डॉक्टरांना विचारले, "अंकल, ये पीला कहाँ से आता है?" ते म्हणाले, कारखान्यात जंतू बनवतात. जंतू आजार करतात एवढेच तिला शाळेत शिकवलेले. औषध करणारे जंतू ऐकल्यावर ती घरी पळत आली आणि गणोजीला म्हणाली, "बाबा, मला त्या जंतूंना भेटायचंय." हे वाक्य गणोजीने पुढे येईल त्या पाहुण्याला ऐकवले.

शाळा धारची, हिंदी माध्यमाची. मराठी ती फर्डी बोलते, वाचायला दिले तर जोडाक्षरावर अडते. इंदूरला एम.एस्सी. केले, दोन वर्षे हैदराबादला एका मोठ्या कंपनीत होती. गणोजी गेला तेव्हा परत आली. आईला धार सोडवेना, म्हणून चारू देवासला खोली घेऊन राहिली आणि दर शनिवारी बसने धारला जाऊ लागली. आमच्याकडे तेव्हा एन्झाइम आणि जनावरांच्या खाद्यात मिसळायचे जीवाणू बनत. धाकटे मालक अजेय काकडे यांनी कारभार हाती घेतला तेव्हा त्यांना जीवनसत्त्व बनवायचे होते, बी-टू. ओठांचे कोपरे भरून आणणारे, पिवळे, तेच. त्यांनी विचारले, "चारुलता जी, असा जंतू आपण घरचा तयार करू शकतो का?" तिने 'हो' म्हणायला श्वास घेण्याइतकाही वेळ लावला नाही.

जीवाणू तिला नालछ्याला सापडला. मांडूच्या रस्त्यालगत शेणखताचा एक ढीग होता, त्यातली माती तिने डबीत भरली. म्हणून लॅबमध्ये त्यांचे नाव पडले 'नालछावाले'. हा जीवाणू बी-टू बनवतो, पण स्वतःपुरतेच. घरात दूध पुरले की आपण दूधवाल्याला "भिया, आज रहने दो" म्हणतो, तसे पेशीत बी-टू पुरेसे झाले की ते बनवायची कळ आपोआप बंद होते. चारूने जीवाणूच्या जनुकांतली ही कळच काढून टाकली. आता कितीही साठले तरी 'आज रहने दो' म्हणणारे कुणी उरले नाही. शिवाय बी-टू बनवणाऱ्या जनुकांच्या जादा प्रती तिने आत बसवल्या. एका दुकानात एकच गिऱ्हाईक बघणारा माणूस असावा आणि तिथे चार उभे करावेत, तसे. असे बदललेले जीवाणू मोठ्या टाकीत घालायला समित्यांच्या मंजुऱ्या लागतात. त्याही गणपतीच्या आधी आल्या.

अडचण एकच उरली. आकडा हलेना.

सुरुवातीला प्रत्येक बदलाबरोबर बी-टू वाढत गेले, मग एका जागी येऊन बसले. चारूने साखर बदलली, हवा वाढवली, जनुकांची आणखी एक प्रत घातली. आकडा तोच. मोजायची रीत लॅबमध्ये ठरलेली होती. फ्लास्कमधून नमुना काढायचा, नळी यंत्रात गरगर फिरवायची, म्हणजे जीवाणू गाळ होऊन तळाशी बसतात. वरचे स्वच्छ पिवळे पाणी प्रकाश मापणाऱ्या यंत्रात ठेवायचे आणि तळाचा गाळ फेकून द्यायचा.

लॅबमधली मदतनीस नीतू टोंकखुर्दची. जीभ तिखट, पण चारूवर जीव. ती एकदा म्हणाली, "मैडम, नालछावालों ने यूनियन बना ली है. इससे ज्यादा नी बनाएँगे."

चारू हसली, पण तिचा चेहरा उतरलेलाच राहिला.

नवरात्र लागले त्या दिवशी अजेय माझ्या टेबलाशी आले आणि तिथेच चारूला बोलावले. नवी मोठी टाकी उभी राहिली होती, चकचकीत स्टीलची, दोन मजली. तिची पहिली खेप दसऱ्याच्या मुहूर्तावर लावायची, हे मोठ्या मालकांच्या काळापासून ठरलेले. परदेशी कंपनीकडून तयार जीवाणू घ्यायचा करारही सहीसाठी तयार होता.

"चारुलता जी, मला तुमचा आदर आहे," अजेय म्हणाले. "पण टाकी रिकामी ठेवून आदर करता येत नाही ना. आता निघतंय त्याच्या दुप्पट दाखवा. खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर दसऱ्याला त्यांचे जंतू टाकीत जातील, आणि तुम्ही पॅकिंगची क्वालिटी बघा."

"आणि नालछावाले?"

"त्यांना नालछ्याला सोडून या."

ते थट्टेने बोलले, पण चारूला ते लागले. माझ्या टेबलावरचे पेपरवेट तिने उचलले, फिरवले, परत ठेवले. "दुप्पट," ती म्हणाली. "ठीक आहे."

नवीन फ्लास्क लागले. खंडेनवमीच्या सकाळी नमुना काढायचा, नंतर पूजा, असा तिचा बेत. पण गुरुजींना त्या दिवशी अर्धे औद्योगिक क्षेत्र उरकायचे असते. ते लवकर येऊन उभे राहिले. पंपांना, कॉम्प्रेसरला, माझ्या कॅल्क्युलेटरलासुद्धा झेंडूची फुले लागली. भवानीबाई टेकडीवरच्या देवीच्या दर्शनासाठी धारहून आल्या होत्या. लॅबच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांची सगळ्यांवर देखरेख चालू होती. चारूने बाहेरच्या टेबलावर पूजेला एक पिपेट आणून ठेवले. पिपेट म्हणजे जाडसर पेनासारखे यंत्र. वरचे बटण दाबले की टोकातून अगदी मोजका थेंब उचलते. चारूच्या हातात ते दिवसभर असते.

"हे काय गं?" भवानीबाईंनी विचारले.

"माझं हत्यार."

"एवढंसं?"

"आई, तलवार कापते. हे मोजतं."

"आणि हेच रोज वापरतेस?"

उत्तर नीतूने दिले. "नी आंटी, ये तो पुराना पड़ा है. मैडम का अच्छा वाला अंदर है."

"असं!" भवानीबाई खुर्चीत ताठ झाल्या. "म्हणजे म्हातारी तलवार पुजायची आणि नवीनं लढायचं? तुझ्या बाबांनी केलं असतं असं? आण ते आतलं."

"आई, त्यानं मला आज नमुना काढायचाय. खराब होईल ते."

"हळदीनं? हळदीनं कधी काही खराब झालंय का? जखमेला लावतो आपण हळद."

चारूने माझ्याकडे पाहिले.

"मी भांडाराचा माणूस," मी म्हणालो. "भवानीबाईंच्या पुढे माझं काय चालणार?"

ती आत गेली, चांगले पिपेट घेऊन आली आणि त्याच्या मागच्या बाजूला हळदीचे बोट टेकवू लागली.

"मुठीला नाही. धारेला!" भवानीबाई म्हणाल्या.

मग चारूने अगदी टोकाला, जिथून थेंब उचलला जातो तिथे, हळद लावली. आरती झाली. नंतर तिने ते टोक स्पिरिटच्या बोळ्याने घासून घासून पुसले, बोटेही पुसली. लॅबमध्ये काहीही स्वच्छ करायचे म्हणजे स्पिरिट.

"पूजलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नसतं," भवानीबाई म्हणाल्या.

"आई, आतले जीव दसरा बघून थांबत नाहीत."

"मग देवीची माफी माग आणि घे."

चारूने पटकन हात जोडले आणि आत पळाली.

बी-टू निळसर दिव्याखाली हिरवट-पिवळे चमकते. त्यासाठी लॅबच्या कोपऱ्यात पडदे लावलेली अंधारी खोली आहे. चारूने नमुना फिरवून घेतला, वरचे पाणी नव्या नळीत घेतले आणि दिवा लावला. आम्ही पडद्याच्या फटीतून बघत होतो. नळी पेटली! दुसरा शब्द नाही. याआधी मी त्या नळ्या पुष्कळ वेळा पाहिल्या होत्या, काजव्यासारख्या दिसायच्या. ही दिवाळीच्या दिव्यासारखी होती. नीतू ओरडली, "अरे मैडम, यूनियन टूट गई!" चारूने नळी मापायच्या यंत्रात ठेवली. आकडा दुपटीच्या वर गेला.

अजेय प्रसादाची मावाबाटी हातात घेऊनच धावत आले. त्यांनी आकडा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला, मावाबाटी अख्खी तोंडात टाकली आणि फोन काढला. "रुको, परदेशवाल्यांना आत्ताच सांगतो, सॉरी भिया, आमचा घरचा निघाला!"

चारू अंधाऱ्या खोलीत परत गेली होती, दिवा बंद करायला. तिथूनच तिचा आवाज आला. "काका, जरा आत या. लाइट लावू नका."

मी आत गेलो. ती दिव्याखाली स्वतःचा हात धरून उभी होती. तिची नखे चमकत होती. तसेच हिरवट-पिवळे.

माझ्यामागून नीतू आली, तिचे कपाळ चमकले. अजेय आले, त्यांचा अंगठा. ते मोठ्याने हसले. "अरे वा, म्हणजे आपण सगळेच बी-टू बनवायला लागलो?"

आम्हीही हसलो. चारू हसली नाही.

"अजेय सर, फोन करू नका."

"का?"

"हळद. हळदपण चमकते. पाण्यात ती विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. मी पिपेटची हळद पुसली नाही, पातळ करून आत सोडली. नळीत हळद गेलीय." तिने चमकणारा हात पुढे केला. "तो आकडा धरू नका."

"म्हणजे खोटा?"

"किती बी-टूचा आणि किती हळदीचा, ते मला माहीत नाही."

ती बोलली नसती तर कुणाला कळले नसते. टाकी तिची झाली असती. अजेयनी फोन खिशात घातला. "इंदूरच्या लॅबला पाठवू?"

"ती दसऱ्यानंतर उघडेल."

"मग माझी उद्या सकाळी सही आहे." ते चिडले नव्हते, उलट हिरमुसले होते. "संध्याकाळपर्यंतचा वेळ मी दिलेला आहे. तो तुमचाच."

बाहेर भवानीबाईंनी सगळे ऐकले होते. त्या पदर तोंडाला लावून बसल्या. "माझ्यामुळं झालं गं बाई. मीच म्हटलं धारेला लाव."

"तू म्हटलंस, लावलं मी," चारू म्हणाली आणि त्यांच्या पायाशी फरशीवर बसली. पूजेचे ताट समोरच होते. एका वाटीत हळद, एका वाटीत कुंकू. ती त्या दोन वाट्यांकडे बघत राहिली. मग एकदम उठली, इतक्या झटक्यात की ताट कलंडले.

"आई! तू घरी कुंकू करायचीस तेव्हा हळदीत चुन्याची निवळी घालायचीस!"

"हो. पडताक्षणी लाल होतं. त्याचं आता काय?"

"बी-टू लाल होत नाही! काका, कॉस्टिक सोडा द्या. चुन्याचंच काम करतो तो."

भांडाराची किल्ली माझ्या कमरेला असते. मी या वयात जिना धावत उतरलो आणि धावत चढलो.

आधी तिने पाण्यात चिमूटभर हळद टाकून सोड्याचे दोन थेंब घातले. पिवळे पाणी लालभडक. भवानीबाई म्हणाल्या, "झालं कुंकू." मग तिने सकाळची चमकणारी नळी घेतली. थेंब पडला. पिवळ्यात लाल रेघ फिरली आणि सगळे पाणी नारिंगी-लाल झाले. म्हणजे त्यात हळद होती, आणि चांगलीच होती. दुपटीचा आकडा तिथेच मेला.

नीतूने लाल नळी उचलून बाजूला ठेवली.

"आता खरा नमुना," चारू म्हणाली. तिने कोपरापर्यंत हात साबणाने धुतले. बोटांवरची राहिलेली हळद साबणाने लाल झाली, तसे आणखी धुतले. हातमोजे घातले, नव्या नळ्या उघडल्या आणि हळद न लागलेले जुने पिपेट घेतले. सकाळचे पिपेट ज्यात बुडलेच नव्हते असा दुसरा फ्लास्क तिने घेतला; त्याचे तोंड कापसाने बंद होते, तरी शंका नको होती. तिने नमुना उचलला. एरवी तो आधी यंत्रात फिरवला असता, पण तिला तेवढाही धीर नव्हता. "मला फक्त रंग बघायचाय. लाल झाला तर फ्लास्कच बाटला." पिवळट, गढूळ, पातळ ताकासारखा तो नमुना तिने तसाच नळीत घेतला आणि सोड्याचे थेंब घातले.

आम्ही चौघे वाकून बघत होतो. लाल झाला नाही.

"नी हुआ, नी हुआ!" नीतूने टाळी वाजवली.

चारू मात्र नळीकडे बघतच होती. पिवळा रंग गडद होत चालला होता. गढूळपणा विरत होता. ताकाचे केशराचे पाणी व्हावे तसे काहीतरी नळीत चालले होते. तिने नळी हलवली, तिरपी केली.

"काका," ती हळू म्हणाली, "गाळ कुठे गेला?"

"कसला गाळ?"

"यात तळाला बसणारा पिवळा गाळ हवा. अर्धा अधिक विरघळला. जीवाणू असे विरघळत नाहीत." ती गर्रकन वळली. "नीतू! सकाळच्या नळीचा गाळ फेकलास?"

"अभी नी, मैडम. सिंक के पास रखा है. पूजा में टाइम ही नी मिला."

तो गाळ काचपट्टीवर आला, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. चारूने डोळा लावला. मग तिने माझा दंड धरून मला ओढले. "बघा. काका, बघा!"

मी पाहिले. सुया! पिवळ्या, लांब, टोकदार सुया. गवताच्या गंजीसारख्या एकमेकींवर रचलेल्या, आणि त्यांच्या मधून ठिपक्यांसारखे जीवाणू. नीतूने पाहिले. भवानीबाईंनी चष्मा कपाळावर सारून पाहिले आणि म्हणाल्या, "अगो बाई, झेंडू चिरून टाकलाय जसा!"

"हे बी-टू आहे, आई. हेच! सगळं बी-टू!" चारू आता नाचत होती, पण बोलणेही चालू होते. "सरबतात साखर जास्त झाली की काय होतं? तळाला बसते. वरचं सरबत कितीही चाखलं तरी गोडी तेवढीच लागणार. आपण वरचं पाणी मोजत होतो! पाण्यात बी-टू थोडंच मावतं. ते भरलं, आकडा थांबला. पुढचं सगळं हे बिचारे बनवत होते आणि ते खाली बसत होतं. आणि आपण ते सिंकमध्ये ओतत होतो!"

"कधीपासून?" मी विचारले.

"आकडा थांबला तेव्हापासून!" तिने कपाळावर हात मारला. "पुस्तकात आहे हे. मी वाचलंय. मोठ्या कंपन्यांच्या टाक्यांत बी-टूचे स्फटिक होतात. पण ते त्यांच्याकडे. आपल्याकडे, देवासला, नालछ्याच्या शेणखतातल्या जीवाणूकडून एवढं निघेल, हे डोक्यातच आलं नाही!"

मी अजेयना बोलावून आणले. ते दारातच थांबले. "चारुलता जी, सकाळी हळद झाली. आता काय, बेसन?"

"तुम्हीच मोजा, सर."

"मी?"

"तुम्हीच. हात धुवा. कपाळ पण."

अजेय निमूटपणे हात धुवायला गेले. मालक असे धुतलेल्या कपाळाने, हातमोजे घालून, शाळकरी पोरासारखे उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले. चारू हात मागे बांधून सांगत होती, ते करत होते. फ्लास्क हलवून नमुना घ्या. सोडा घाला. गाळ विरघळू द्या. आता फिरवा, म्हणजे फक्त जीवाणू खाली बसतील. वरचे घ्या, आम्ल टाकून सोडा मारा. यंत्रात ठेवा. शेजारी तिने दुसरी नळी ठेवायला लावली, नालछ्याच्या मूळ जीवाणूची, ज्यात तिने काहीच बदल केला नव्हता. तिच्यात सोडा घातल्यावर काहीच झाले नाही, पाणी फिकट ते फिकटच. म्हणजे हा चमत्कार सोड्याचा नव्हता.

बदललेल्या जीवाणूच्या नळीला यंत्राने आकडाच दिला नाही. पट्टीच्या पलीकडे गेले, असे दाखवले.

"बिघडलं?" अजेय म्हणाले.

"नाही. मावत नाहीये. पाणी घालून पातळ करा."

पातळ केले. तरी पलीकडे. आणखी पातळ केले, तेव्हा आकडा आला. जेवढे पाणी घातले त्याचा गुणाकार मी केला, हिशेब माझ्याकडेच. जुन्या आकड्याच्या आठ पट. मी पुन्हा केला. आठ पट.

"काका, गुणाकार बरोबर?" अजेयनी विचारले.

"बरोबर."

"हळद नाही?"

"तुम्हीच हात धुतलेत."

अजेय खुर्चीत बसले. मग उठले. मग भवानीबाईंच्या पाया पडले, का ते त्यांनाही सांगता आले नसते. भवानीबाई गडबडल्या. "अरे, अरे, माझ्या काय पाया पडतोस? त्या सुयांच्या पड!"

"काका," अजेय मला म्हणाले, "परदेशवाल्यांना एक छान, नम्र मेल लिहा. लिहा, की आमची टाकी भरली."

"अजून रिकामी आहे," मी म्हणालो.

"उद्या नसेल."

चारू तेवढ्यात नीतूला घेऊन कागद ओढून बसली होती. मोठ्या टाकीतून बी-टू काढायची सगळी रीत बदलायला हवी होती. पाणी गाळून आटवायचे ठरले होते. आता पाणी नको, गाळच हवा. तो धुवायचा, विरघळवायचा, पुन्हा स्फटिक करायचे. ती बोलत होती, खोडत होती, नीतूला विचारत होती, "हे जमेल ना?" आणि नीतू म्हणत होती, "हाव मैडम, सब जमेगा."

दसऱ्याच्या मुहूर्तावर नालछावाले आधी छोट्या टाकीत गेले, मोठीला पुरतील इतके व्हायला. तिथे वाढले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, पाइपातून, मोठ्या टाकीत उतरले. झडप अजेयनी चारूला उघडायला लावली. चाक घट्ट होते, तिने दोन्ही हातांनी, ओठ आवळून फिरवले.

त्यानंतरच्या सकाळी मी कामावर पोचलो तर ती टाकीला तळहात लावून उभी होती. नीतूचा हात शेजारी.

"काका, हात लावा."

मी लावला. स्टील कोमट होते.

"हीटर चालू आहे का?"

"बंद आहे. ही त्यांची ऊब आहे," ती म्हणाली. "ते कामाला लागलेत."

तेवढ्यात वर कुठेतरी खट्ट झाले, थंड पाण्याचा पंप आपोआप सुरू झाला आणि पाइप थरथरू लागला. टाकी आता इतकी तापली होती की तिला गार करावे लागत होते. चारू शिडीकडे धावली, एकेक पायरी गाळत वर चढली आणि टाकीच्या काचेला डोळा लावून वरूनच ओरडली, "पिवळं! काका, पिवळं दिसतंय!"